गावमान

लई मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हाचा राजा कोण आणि त्याची राजधानी कुठं, हे आता कुणालाही सांगता यायचं नाही. नदी मात्र तेव्हाही होती, आणि तेव्हाही ती कुणाला न विचारता वाहत होती.

त्या नदीला एका जागी मोठं वळण होतं आणि वळणावर एक गाव होतं. माळावरून उतरणाऱ्या सगळ्या वाटा तिथंच येऊन नदीला मिळायच्या. पैलतीराची नावही तिथंच लागायची. राजानं विचार केला, मुलखाची कचेरी ठेवायची तर इथंच. मग सुभेदार आला, कारकून आले, दाराशी चोपदार उभा राहिला. ज्याचं कुणी ऐकत नव्हतं असा प्रत्येक माणूस आपलं गाऱ्हाणं घेऊन त्या गावाची वाट चालू लागला.

कचेरी बांधायला गावानं आपली खळी सोडून दिली होती. धान्य मळायच्या जागा त्या, हातच्या सोडणं सोपं नव्हतं. पहिला सुभेदार जाणता होता. तो म्हणाला, "तुम्ही मोठं मन केलंत, तर आम्हीही करू. या गावचा माणूस कचेरीत आला की तो आधी आत जाईल. बाहेरगावचा त्याच्या मागून."

याला लोक गावमान म्हणू लागले.

पहिल्या पिढीनं गावमान ठेवणीतल्या लुगड्यासारखा वापरला, सणावारी. दुसऱ्या पिढीनं तो रोजच्या वापरात आणला. आणि नंतरच्यांनी त्याचं पोतेरं केलं. शेजारचा कोंबडा फार लवकर आरवतो, चला कचेरीत. भिंतीची सावली माझ्या वाळवणावर पडते, चला कचेरीत. लग्नात मला मागच्या पंगतीला बसवलं, चला कचेरीत. घरात दोन भाऊ जेवताना भांडले, तर हात न धुता उठून जायचे. आपसांत बसून काही मिटवावं, ही गोष्टच ते गाव विसरून गेलं. दाराशी न्याय बसलाय म्हटल्यावर घरात शहाणपण कशाला ठेवायचं?

बाहेरगावचे लोक घाटाच्या पायऱ्यांवर बसायचे. नवा आला की सगळ्यात खालच्या पायरीवर, पाण्याला लागून. वरच्याचं काम झालं की सगळे एकेक पायरी वर सरकायचे. सगळ्यात वरची पायरी कचेरीच्या दारासमोर होती. तिथवर पोचलेला माणूस धोतर झटकून उभा राहायचा, घसा साफ करायचा. तेवढ्यात गावातलं कुणी तरी कोंबडा नाहीतर शेळी घेऊन यायचं, चोपदार काठी आडवी धरायचा, आणि तो माणूस पुन्हा खाली बसायचा.

यात काही वाईट आहे, असं गावात कुणाला वाटत नव्हतं. ते जन्मापासून हेच बघत आले होते.

त्या घाटाच्या डोक्याशी धुरपदाबाईची चूल होती. भाकरी आणि झुणका विकायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. तोंड असं, की ती बोलायला लागली की नावेतले लोक उतरायचे थांबून ऐकत राहायचे. पण भुकेल्या माणसाला तिनं कधी मागं पाठवलं नाही. बाई वाईट नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण वाईट बाईची गोष्ट सांगायला सोपी असते, आणि ही तशी नाही.

धुरपदाच्या अंगावर सोनं नव्हतं, घरात माणूस नव्हतं. गावमान तेवढा होता. लांबलांबचे पाटील, सावकार पायऱ्यांवर ताटकळत बसलेले असताना ही भाकऱ्या विकणारी बाई पदर खोचून त्यांच्या समोरून सरळ कचेरीत जायची, तेव्हा तिच्या पाठीचा कणा ताठ व्हायचा. कारण नसलं तरी ती कारण काढायची.

एका उन्हाळ्यात माळावरच्या वाडीची एक बाई घाटावर आली. कोंडाबाई तिचं नाव. केस निम्मे पांढरे, पाय भेगाळलेले. ती सगळ्यात खालच्या पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले.

धुरपदानं वरून हाळी दिली, "काय गं बाई, पाण्यात पाय सोडून बसलीस ती? जावयाच्या घरी आलीस का?"

"बसू दे बाई थोडं," कोंडाबाई म्हणाली. "आमच्यात असं पाण्यात पाय घातलं तर सासू पाय मोडंल."

"या वयात सासू आहे तुला?"

"न्हाई. आता मीच सासू हाय."

दोघी हसल्या. धुरपदानं तिला भाकरी दिली आणि वर कांदा फोडून दिला. खाता खाता कोंडाबाईनं आपलं सांगितलं.

माळावर एकच विहीर होती आणि तिची एक बाजू ढासळली होती. तळाला थोडं थोडं पाणी पाझरायचं. एका बाईला दोरानं आत सोडायचं, तिनं वाटीवाटीनं घागर भरायची, मग घागर वर ओढायची आणि शेवटी बाईला. कोंडाबाईची सून अंगानं हलकी, म्हणून रोज तिलाच सोडायचे. ती खाली वाकलेली असताना वरून खडे पडत राहायचे.

"दोर मीच धरायची," कोंडाबाई म्हणाली. "आता हितं येऊन बसले. कोण धरत असंल देव जाणे."

"दुसरं पाणीच नाही का कुठं?"

"हाय की. वाडीला लागून राजाचं कुरण हाय, घोड्यांचं. त्यात झरा हाय, बारमाही. घोडं वरसातनं एकदा येत्यात, पहारा मातुर रोज असतो. पहारेकरी म्हणत्यात, सुभेदारानं तोंडानं सांगितलं तर आम्ही आत्ता मोकळा करतो. न्हाईतर भाला हाय."

"मग गडी माणसं काय करतात तुमची? तुला कशाला धाडली?"

"गडी येऊन गेलं. बसून बसून कंटाळलं आन परत आलं. मी म्हणलं, मी जाते. मी काय उठायची न्हाई."

धुरपदाला ती आवडली. तसं तिला कुणी लवकर आवडायचं नाही.

मग कोंडाबाई रोज पहाटे वर येऊन धुरपदाला भाकऱ्या थापू लागायची आणि दिवस वर आला की आपल्या पायरीवर जाऊन बसायची. थापताना ती नदीकडे बघायची. एकदा म्हणाली, "एवढं पाणी, ताई! आन कुणीच न्हाई बघत त्याच्याकडं."

"बघायचं काय त्यात? पाणीच ते," धुरपदा म्हणाली.

कोंडाबाईनं भाकरी उलटली.

धुरपदानं तिला कचेरीत कसं बोलायचं तेही शिकवलं. "आत गेल्यावर रडायचं नाही. रडणाऱ्या बाईला सुभेदार घोटभर पाणी पाजतो आणि उद्या ये म्हणतो. सासू, सून, दोर, खडे असलं काही सांगत बसू नकोस. एका दमात सांगायचं आणि गप्प राहायचं."

कोंडाबाईनं ते एक वाक्य पाठ केलं. "सरकार, कुरणातला झरा आम्हास्नी प्यायला मोकळा करा." भाकरी थापताना म्हणायची, पायरी चढताना म्हणायची. धुरपदा तिची चेष्टा करायची, "अगं, झोपेत पण म्हणतेस की तू ते. नदीलाच सुभेदार समजून बसशील एखाद्या दिवशी."

पायऱ्या हळूहळू मागं पडल्या. ऊन वाढत गेलं, आणि एक दिवस कोंडाबाई सगळ्यात वरच्या पायरीवर पोचली.

त्याच दिवशी चोपदारानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सुभेदारांना राजधानीचं बोलावणं आहे. उद्या सकाळी ते निघणार. पावसाळा सरल्यावर परत येतील. आज ऊन पैलतीराला टेकलं की दार बंद."

पायऱ्यांवर हळहळ झाली. पण कोंडाबाईचं तोंड उजळलं. तिच्या पुढं एकच माणूस होता आणि तो आत गेलेला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला आणि उभी राहिली.

आणि नेमकं तेव्हाच खाली पाण्याशी भांडण लागलं.

तिथं धुणं धुवायचा एक दगड होता. काळा, सपाट, बसायला अंगचीच बैठक असलेला. धुरपदा दुपारी चूल विझवून धुणं घेऊन खाली उतरली, तर तिची शेजारीण गुंफाबाई त्या दगडावर आपलं गाठोडं ठेवून बसलेली.

"उठ," धुरपदा म्हणाली. "दगड माझा आहे."

"तुझा? तुझ्या सासऱ्यानं डोक्यावर घालून आणला होता का?"

"सासऱ्यानं नाही, सासूनं. तिनं जन्मभर धुणी आपटली म्हणून तो एवढा गुळगुळीत झाला. तुझ्या घरात तेव्हा धुणं धुवायची पद्धत होती का?"

"माझ्या घरचं धुणं तुझ्यापेक्षा पांढरं निघतं."

"निघणारच. दगड माझा आहे ना!"

आजूबाजूच्या बायका पोट धरून हसू लागल्या. गुंफाला ते लागलं. तिनं धुरपदाचं गाठोडं उचललं आणि चिखलात टाकलं. "चल कचेरीत!"

"चल की! मी काय भिते?"

नदीला दोन्ही अंगाला नजर पोचेल तिथवर दगडच दगड होते. कुणीही कुठंही बसून धुतलं असतं. पण दोघी ओल्या लुगड्यांनी पायऱ्या चढू लागल्या. एक पुढं, एक मागं, तोंड चालूच. पायऱ्यांवरचे लोक पाय आखडून वाट देत होते.

दारासमोर कोंडाबाई उभी होती. आतला माणूस बाहेर आला. चोपदारानं या दोघींकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि रोजच्या सवयीनं काठी आडवी धरली.

"बाई, मागं व्हा. गावमान आहे."

कोंडाबाई मागं झाली नाही. तिनं धुरपदाचा पदर धरला.

"ताई, तेवढं थांब. माझं एकच वाक्य हाय. तुला ठावं हाय. दार बंद झालं तर पावसाळा सरंपतुर..."

चोपदाराला कोंडाबाई रोज दिसत होती. त्यालाही माया आली. तो हळूच म्हणाला, "गावमान सोडायचा अधिकार गावच्याच माणसाला आहे. तुम्ही दोघी थांबता म्हणालात तर मी हिला आत सोडतो. बोला."

धुरपदाच्या जिभेवर शब्द आला होता. पण तिनं आधी गुंफाकडे पाहिलं. गुंफा ओठ मुडपून हसत होती.

"थांब की," गुंफा म्हणाली. "हरणार हे कळलंय तुला. निमित्त बरं सापडलं."

"मी थांबायला तयार आहे. आधी तू म्हण."

"मी का आधी म्हणू? ओळख तुझी आहे."

"दगड बळकावलास तू, मग तूच थांब."

चोपदार एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. खालच्या पायऱ्यांवरून लोक मान वर करून बघत होते. एवढ्या लोकांसमोर गुंफापुढं माघार घ्यायची, हे धुरपदाच्या घशाखाली उतरेना. ती कोंडाबाईला म्हणाली, "दोन शब्दांचं काम आहे गं माझं. आले म्हणून समज." आणि पदर सोडवून घेऊन आत गेली. मागोमाग गुंफाही गेली.

दोन शब्दांत ते काम होणारच नव्हतं. सुभेदार म्हातारा होता, नीट ऐकणारा होता. त्यानं दगड कुठं आहे ते विचारलं, केवढा आहे ते विचारलं. सासू कधी वारली, गुंफा तिथं कधीपासून धुते, हे सगळं विचारलं. गुंफानं दोन साक्षीदार बोलावले, मग धुरपदानं चार. सगळे गावातलेच, सगळ्यांना गावमान. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत होतं. धुरपदाला ते दिसत होतं. दाराच्या फटीतून कोंडाबाईचे भेगाळलेले पाय दिसत होते, तेही तिनं बघितले. पण गुंफा एक खोटं बोलली की ते खोडून काढल्यावाचून तिला चैन पडत नव्हतं.

शेवटी सुभेदारानं निकाल दिला. सकाळी दगड धुरपदाचा, दुपारनंतर गुंफाचा. दोघींनी मान डोलावली. मग तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "अजून काही सांगायचं राहिलं असेल तर आत्ता सांगा. उद्यापासून मी नाही."

धुरपदाला कोंडाबाई आठवली. ते वाक्य तर तिलाही पाठ झालेलं होतं. सुभेदार समोर होता, तिच्याकडेच बघत होता, ऐकायला तयार होता.

तेवढ्यात गुंफा पुटपुटली, "काय राहिलंय हिचं? जिंकली की सगळं."

धुरपदा ताडकन म्हणाली, "राहिलंय सरकार! हिची शेळी हिनं त्या दगडाला बांधू नये."

"बांधू नये," सुभेदार म्हणाला आणि उठला.

बाहेर ऊन पैलतीराच्या खडकांना टेकलं होतं. नगारा वाजला. चोपदारानं दार ओढून घेतलं.

कोंडाबाई तिथंच उभी होती. तिनं आरडाओरडा केला नाही. धुरपदा बाहेर आली तशी तिनं विचारलं, "माझं काही बोललीस का गं आत?"

"विषयच निघाला नाही," धुरपदा म्हणाली आणि चुलीकडे वळली.

कोंडाबाईनं आपलं बोचकं उचललं. पायऱ्या उतरून खाली गेली, नदीतून ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं आणि माळाच्या वाटेला लागली. धुरपदानं मागून हाक मारली, "अगं, भाकरी तरी घेऊन जा!" तिनं वळून पाहिलं नाही.

सुभेदार गेला. कचेरी बंद झाली, पायऱ्या मोकळ्या झाल्या. धुरपदा रोज सकाळी आपल्या दगडावर धुणं धुवायची आणि गुंफा येताना दिसली की मुद्दाम जोरात आपटायची.

असेच काही दिवस गेले. मग एके दिवशी माळावरून एक धनगर घोंगड्या विकायला उतरला आणि धुरपदाच्या चुलीपाशी भाकरी खायला बसला.

"माळावर काय हालहवाल?" धुरपदानं विचारलं.

"काय असायची? वाडीची विहीर बसली की. सगळीच्या सगळी. वरचे दगड आत गेले."

धुरपदाचा हात तव्यावर थांबला. "आत कुणी होतं?"

"एक सून होती म्हणतात. वर सासूनं दोर धरलेला. हाताचं कातडं सोलून गेलं, पण दोर सोडेना. तुटलेलाच वर आला शेवटी."

भाकरी करपली. वास साऱ्या घाटावर पसरला. कुणी तरी ओरडलं, "धुरपदे, लक्ष कुठं आहे?"

तिनं चुलीवर पाणी ओतलं आणि उठून चालू लागली. अंगावरच्या लुगड्यानिशी. जन्मात ती कधी माळावर गेली नव्हती. माळावरचे लोकच खाली येत, त्यांच्याकडे जायची गरज या गावाला कधी पडलीच नव्हती. वाट चढणीची होती, सावली नव्हती. तिचे पाय फुटले, ओठ सुकले. अर्ध्या वाटेवर तिला पहिल्यांदा कळलं, की आपण कधी तहान म्हणून सोसलेलीच नाही.

वाडीत पोचली तेव्हा आधी विहीर लागली. आता तिथं विहीर नव्हती, दगडांची रास होती. दगड उचलून सुनेला बाहेर काढणं कुणाला जमलं नव्हतं. राशीवर हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि हिरव्या बांगडीचा एक तुकडा ठेवलेला होता.

पलीकडं कुरणाचं कुंपण मोडून पडलं होतं. झऱ्यावर बायकांची रांग होती. पहारेकऱ्यांचे भाले जमिनीत रोवलेले होते आणि त्यांतला एक जण एका म्हातारीच्या डोक्यावर घागर चढवत होता. विहीर बसली त्या दिवशी वाडीच्या साऱ्या बाया रिकाम्या घागरी घेऊन एकदम कुरणात शिरल्या होत्या. कुणी हुकूम मागितला नाही, कुणी रडलं नाही. पहारेकऱ्यांनी त्यांची तोंडं बघितली आणि भाले बाजूला ठेवले.

कोंडाबाई झऱ्याच्या कडेला बसली होती. दोन्ही तळव्यांना फडकी बांधलेली. तिनं धुरपदाला ओळखलं. उठली नाही.

धुरपदा तिच्यासमोर उभी राहिली. अख्खा घाट जिला भ्यायचा, ती मान खाली घालून पदराचं टोक चाळवत राहिली.

कोंडाबाईनंच विचारलं, "खरं सांग. आत तुला सुभेदारानं कायच विचारलं न्हाई?"

"विचारलं," धुरपदा म्हणाली. "अजून काही सांगायचं आहे का, म्हणून विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्या कचेरीत तिनं आयुष्यभर लहान लहान खोटं बोलून घेतलं होतं. पण इथं तिला ते जमलं नाही.

"गुंफाची शेळी दगडाला बांधू नये, असं सांगितलं."

झऱ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

"शेळी," कोंडाबाई म्हणाली. हातावरच्या फडक्याकडे बघत तिनं विचारलं, "मोठी होती का गं शेळी?"

धुरपदा मटकन खाली बसली. ती रडली, पण कुणी तिचे डोळे पुसले नाहीत, आणि ते कुणी पुसावेत अशी तिची लायकीही नव्हती. कोंडाबाई तिला शिव्या देईल, धक्के मारून हाकलेल, असं तिला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

कोंडाबाई रांगेकडे वळून म्हणाली, "हिला आधी पाणी द्या. लांबनं आलीया."

आणि रांग बाजूला झाली. पोटुशी बाई बाजूला झाली, कडेवर पोर असलेली बाजूला झाली. एकीनंही कपाळाला आठी घातली नाही. धुरपदाच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या आला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. प्यायल्यावाचून उठता येत नव्हतं आणि घोट घशाखाली उतरत नव्हता.

ती परत आली ती वेगळीच होऊन. पावसाळा सरला, सुभेदार आला, कचेरी उघडली. पहिल्याच दिवशी धुरपदा दारासमोर उभी राहिली आणि गावाला ओरडून म्हणाली, "आजपासून गावमान बंद करा! लांबून आलेल्याला आधी आत जाऊ द्या. आपल्या कोंबड्या-शेळ्यांपायी एक बाई मेली."

लोक हसले. गुंफा सगळ्यात मोठ्यानं हसली. "वा गं वा! तुझ्या दगडाचा निकाल लागला, आता आमचं दार बंद होय?"

गुंफा जन्मात एकदाच खरं बोलली, आणि ते नेमकं इथं.

पण हसणाऱ्यांचं हसू फार टिकलं नाही. ज्यांच्यासाठी बाजूला व्हायचं, ती माणसंच येईनात. माळावरची गावं आता आपली भांडणं झऱ्याकाठी बसून आपापसांत मिटवू लागली होती. जो सगळ्यात लांबून आला त्याचं आधी ऐकायचं, असा त्यांनी रिवाज पाडला होता. हे ऐकून पैलतीरावरचे लोकही नदी ओलांडून, घाटावर न थांबता, सरळ माळावर जाऊ लागले. पायऱ्या ओस पडल्या. धुरपदा रोज भाकऱ्या थापायची, वाटेकडे डोळे लावून बसायची. एखादा वाटसरू दिसला की धावत जाऊन म्हणायची, "चला, मी तुम्हाला आत नेते, माझा गावमान तुम्ही घ्या." तो म्हणायचा, "नको बाई. आमचं काम माळावर आहे."

कचेरीत गावातलेच तेवढे येत राहिले. कोंबडा, भिंत, पंगत. सुभेदार म्हातारा असला तरी डोळस होता. त्यानं राजाला निरोप धाडला, "महाराज, इथं मी मुलखाचा न्याय करत नाही, एका गल्लीचा करतो. मुलूख दुसरीकडं गेला आहे."

राजानं कचेरी उचलली आणि माळावर नेली.

चोपदारानं जाताना दाराला कुलूप लावलं. कारकुनांची बिऱ्हाडं गेली, मागून दुकानं गेली, मग नाव दुसऱ्या घाटाला लागू लागली. गावानं राजाकडं गयावया केली, खळी दिल्याची आठवण करून दिली. राजा म्हणाला, "खळी परत घ्या." खळी परत मिळाली. पण कचेरीच्या जिवावर बसलेल्या गावानं शेती कधीच सोडली होती, धान्य यायचं ते बाहेरगावचं, आणि बाहेरगावचं कुणी आता त्या वाटेला फिरकत नव्हतं.

गावात भांडणं मात्र होतीच. आता ती मिटवणारं कुणी नव्हतं आणि आपसांत कशी मिटवायची ते कुणाला येत नव्हतं. भाऊ भावाशी बोलेना, शेजारी शेजाऱ्याचं दार ओलांडेना. नदी मात्र पहिल्यासारखीच भरून वाहत होती, आणि तिच्या काठाला दारं लावून घेतलेली ती घरं बसून होती.

ज्याचं घर न्यायाच्या दाराशी असतं त्यानं दारातून बाजूला व्हायला शिकावं, नाहीतर एक दिवस ते दारच उठून दुसरीकडं निघून जातं.